नंतर

कल्याण ज्योत्स्नाच्या दुकानात पहिल्यांदा आला तो फक्त पाणी मागायला. जाफराबादच्या एसटी स्टँडासमोर तिचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान. बाहेर पीकविम्याची रांग, आत कॉम्प्युटर रुसून बसलेला. जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच करणाऱ्या कल्याणनं परतीची जीप भरेपर्यंत तो चालू करून दिला.

"नवी विंडोज टाकायची का?" तिनं विचारलं.

"न्हाई पेलायची मॅडम, मशीन थकलंय. बिघडलं की बोलवा."

"अन् न्हाई बिघडलं तर?"

"तरी बोलवा…"

मग काय! कॉम्प्युटर ऊठसूट बिघडायला लागला. कल्याण शेजारी बसायचा, कोपराला कोपर लागायचं आणि दोघांपैकी कुणीच हलायचं नाही. स्क्रीनवर नव्या विंडोजची सूचना आली, की तो हसत 'नंतर' दाबायचा.

"घरी कधी सांगणार माझ्याबद्दल?" ती विचारायची.

भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघून त्याची नजर खाली वळायची. "आईचा स्वभाव… पुढच्या महिन्यात सांगतो. बिलकुल."

एकदा कॉम्प्युटर बिघडला आणि कल्याण फोन उचलेना, म्हणून ज्योत्स्नानं मैत्रिणीला बोलावलं. शालू कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिनं तपासलं आणि हसलीच. "कोण म्हणलं नवी विंडोज पेलायची न्हाई? हे मशीन तर चांगलं दमदार हाये! टाकली की बिघडायचंच न्हाई."

ज्योत्स्ना लाजून चूर झाली. म्हणजे हा आपल्यासाठी खोटं बोलत होता! संध्याकाळी तो आला, तेव्हा ती गालातल्या गालात हसत म्हणाली, "खोटारड्या! मशीनला काय धाड भरली होती?"

"मंग तुला भेटायला काय निमित्त सांगू?"

"निमित्त कशाला? घरी खरं सांग की."

त्यानं बाहेरच्या जीपकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "घरी कळलं तर हे बी बंद होईल, ज्योत्स्ना. बराबर चालू हाये ना… असंच चालू दे की."

असंच. त्याला ती हवी होती, पण फक्त या दुकानापुरती. तिनं माउस ओढला आणि नव्या विंडोजच्या सूचनेवर 'आत्ता' दाबलं.

"अगं, थांब ना—"

"थांबलेच होते की इतके दिवस. जा, तुझी जीप भरली."

तो गेला. मागे वळून बघितलं, पण गेलाच.

आता कॉम्प्युटर झक्कास चालतो. रांग भराभर सरते, लोक कौतुक करतात. दुकान रिकामं झालं, की ज्योत्स्ना स्क्रीनकडे बघत पुटपुटते, "एकदा तरी बिघडायचास रे, मेल्या…"