आईचा धडा

सारिकाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी अंकुश घुगेला कळलं, की त्याच्या मुलीला आई आठवत नाही.

पाहुणे पांगले होते. संध्याकाळी राहिलेल्या चार माणसांसाठी उषामावशीनं, म्हणजे सारिकाच्या थोरल्या बहिणीनं, धपाटे थापले. पहिला धपाटा तिनं ईश्वरीच्या ताटात टाकला.

"खा गं. तुझ्या आईच्या हाताची सर नाही याला, पण खा."

ईश्वरीनं तुकडा मोडून तोंडात घातला. "मस्त आहे मावशी. काय म्हणतात याला?"

मावशी हसली. "गंमत करती का माझी? रोज सांजच्याला आई काय खाऊ घालायची तुला?"

"आई?" ईश्वरी खरंच आठवू लागली. अकरा वर्षांची पोर. अवघड गणित घातल्यावर कपाळाला आठ्या पाडते, तशा तिनं पाडल्या. मग चेहरा मोकळा झाला आणि ती बोलू लागली, "माझी आई खूप प्रेमळ आहे. ती पहाटे लवकर उठते. अंगणात सडा घालून सुंदर रांगोळी काढते."

तो तिसरीच्या पुस्तकातला निबंध होता. सारिका जन्मात कधी पहाटे उठली नव्हती. रांगोळी तर तिला येतच नव्हती.

अंकुशनं हातातला घास खाली ठेवला. "आई डावखुरी होती ना गं?"

"हो का?" ईश्वरी म्हणाली.

त्यानं आणखी विचारलं. आईच्या आजाराचं नाव, कारणं, उपचार हे सगळं तिनं न अडखळता सांगितलं, कारण विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा होता. आई कशी हसायची, ते तिला सांगता येईना. बाप असा का बघतोय हेही तिला कळेना.

"सगळ्यांचं असंच असतं ना बाबा? आमच्या वर्गात घरचं कुणालाच आठवत नाही."

वर्गातल्या सगळ्या मुलांच्या कपाळाला रोज ठसापट्टी बांधली जायची.

राज्यभरच्या पाहणीत पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही असं दिसलं, तेव्हा सरकारनं ठसा अभियान सुरू केलं. त्याआधी सगळं करून झालं होतं. डिजिटल फळे आले, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली, शाळांना श्रेण्या दिल्या, कमी पटाच्या शाळा एकमेकींत मिसळल्या. मुलं वर्गात शिकायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची, ते काही थांबलं नाही. ठसापट्टीनं ते थांबलं. दोन बोटं रुंदीचा मऊ पट्टा, आत बारीक तारांची गुंडाळी. शिक्षकांनी त्या दिवशीचा धडा फोनवरून त्यात चढवायचा आणि घरच्यांनी रात्री पट्टी मुलाला बांधायची. सकाळी धडा पक्का. चार वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा खासगी शाळांच्या पुढे गेल्या. अंकुशच्या गावची, खडकओहोळची शाळा तर राज्यात पहिल्या दहात आली. अंकुशचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान होतं, आणि तो शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होता. बक्षीस घ्यायला तोच मुंबईला गेला होता.

त्यानं अभियानाच्या कार्यालयात फोन केला. पहिल्या दहातल्या शाळेचा अध्यक्ष म्हटल्यावर माणूस आला. डॉक्टर नसीम इनामदार. पट्टी घडवणाऱ्या गटात त्या होत्या. त्यांनी ईश्वरीला तपासलं, वर्गातल्या आणखी काही मुलांना तपासलं, आणि मग अंकुशच्या दुकानात स्टुलावर येऊन बसल्या.

"मॅडम, सोपं करून सांगा. मी मोटारी भरणारा माणूस."

"लहानपणी पतंग बनवलेत का?"

"रगड."

"कागद कशानं चिकटवायचात?"

"खळीनं."

"मेंदू रोज थोडी खळ शिजवतो. प्रथिनं असतात ती. आम्ही जोडप्रथिनं म्हणतो. दिवसभरात जे घडतं त्याच्या चिठ्ठ्या मेंदूत नुसत्या पडून असतात. झोपेत त्यातल्या काही या खळीनं चिकटतात. त्या आठवणी. बाकीच्या सकाळपर्यंत झाडून जातात. पट्टी धड्याच्या चिठ्ठ्यांवर खूण करते. खळ आधी त्यांना."

"आणि बाकीच्यांना?"

"उरली तर."

"उरती का?"

डॉक्टरांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मूल झोपल्यावर तासभर लावायची, असा आदेश होता. तेवढ्यानं थोडी उरते. तुमच्याकडे दिवेलागणीलाच बांधतात. धडा त्या वेळेपासून खळ ओढत राहतो, आणि संध्याकाळचं काहीच चिकटत नाही. जुन्या आठवणींनाही अधूनमधून खळ लागते, ती मिळाली नाही की त्याही सुटतात."

दिवेलागणीची पद्धत गावच्या मातागटानं पाडली होती आणि मातागटाची प्रमुख सारिका होती. झोपेत पोरं पट्टी उपसून टाकायची, म्हणून जागेपणीच बांधून झोपताना सोडायचं ठरलं. मूल शांत असलं की धडा उतरू लागतो आणि पट्टीवरचा दिवा हिरवा होतो. मग बायका पोरांना मांडीवर घ्यायच्या, केसांतून हात फिरवायच्या, गोष्टी सांगायच्या. दिवा हिरवा झाला की फोटो काढून गटावर टाकायचा. कुणाचा आधी, अशी चुरस लागायची. आजारपणातही सारिकानं एक दिवस चुकवला नाही. डोक्यावर केस राहिले नव्हते, हात कापायचे, तरी डाव्या हातानं ती पट्टीची गाठ मारायची आणि विचारायची, "टोचत नाही ना गं?"

"ते फोटो तुमच्या कार्यालयात यायचे," तो शेवटी म्हणाला. "त्यावर आदर्श मातागटाचं बक्षीस दिलंत. पोरं जागी असायची, ते दिसत नव्हतं का फोटोत?"

"निकाल वाढत होते," डॉक्टर म्हणाल्या. "कुणी विचारलं नाही. मीही नाही."

"आता पट्टी काढली तर?"

"चार वर्षं खूण बाहेरून मिळाली. आता तिचा मेंदू स्वतःहून खूण करत नाही. पट्टी काढली तर सध्या धडाही राहणार नाही आणि घरही."

"सध्या म्हणजे किती?"

"माहीत नाही. पट्टी काढलेलं मूल आमच्याकडे एकही नाही."

अंकुशनं आठवडाभर काढून बघितली. ईश्वरी वर्गात कोऱ्या चेहऱ्यानं बसू लागली. घरी येऊन रडायची, आणि आपण का रडलो ते दुसऱ्या दिवशी तिला सांगता यायचं नाही. आठवडा संपल्यावर त्यानं पट्टी परत बांधली.

त्याच महिन्यात समितीपुढे नवा ठराव आला. दुसरा टप्पा. अंगणवाडीतल्या तीन वर्षांच्या मुलांनाही पट्टी. ठराव प्रत्येक गावानं मंजूर करायचा होता. अंकुशनं शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या पालकांना बोलावलं आणि आपल्या घरचं सगळं सांगितलं. डॉक्टर इनामदारांनी मान हलवून दुजोरा दिला. निदान झोपल्यावर तरी बांधा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

"झोपल्यावर?" कोमल राठोड मागून ओरडली. "म्हंजे आमी जागत बसायचं? दिवसभर काय झोके घेतो का आमी?"

बायका हसल्या. मुख्याध्यापक गव्हाणे सर हळूच म्हणाले, वेळ बदलली तर श्रेणी खाली येईल, एवढं लक्षात घ्या.

"कोमलवहिनी," अंकुश म्हणाला, "उद्या तुमचं धाकटं तुम्हाला विसरंल. हसू नका."

कोमल उठून पुढे आली. तिची सगळी वर्षं उसाच्या फडात गेली होती. तिचा थोरला आता आठवीत होता. तिच्या घरात आठवी बघणारा तो पहिलाच.

"भावजी, मला माझी आई लख्ख आठवती. फडात मोळ्या बांधताना आठवती, पाचटात मला निजवताना आठवती. त्या आठवणीचं मी काय करू, सांगा. माझ्या लेकराला माझं तोंड नाही आठवलं तरी चालंल. त्याच्या हातात कोयता नको." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "सारिकाताईला इचारलं असतं, तर तिनं काय सांगितलं असतं?"

अंकुशला ते माहीत होतं. तिनंच आधी हात वर केला असता. हात वर झाले. ठराव मंजूर झाला, आणि अध्यक्ष म्हणून त्यानंच खाली सही केली. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत लहान मापाच्या पट्ट्या आल्या, त्यावर सशाची चित्रं होती.

पट्ट्या आल्या त्या दिवशी दिवेलागणीला तो ईश्वरीची पट्टी बांधत होता. झोपल्यावर बांधायचं त्यानं सुरू केलं होतं, पण दुसऱ्या दिवशी चाचणी होती आणि ती ऐकेना.

"बाबा, मावशी फोनवर रडत होती. मला आई आठवत नाही म्हणून ना?"

"हो."

"मग तिचा धडा करा की. सरांना सांगा पट्टीत चढवायला. मला एका रात्रीत पाठ होईल. सोप्या वाक्यांत लिहा. खाली प्रश्न द्या, म्हणजे पक्कं होतं."

बोलता बोलता तिच्या कपाळावरचा दिवा हिरवा झाला.

सकाळी त्यानं विचारलं, तेव्हा आपण असं काही म्हणालो हे तिला आठवत नव्हतं.

गव्हाणे सर धडा चढवायला तयार आहेत. अंकुश दुकान बंद करून लिहायला बसतो. ईश्वरीची आई डावखुरी होती. ती उशिरा उठायची. ती मोठ्यानं हसायची, शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं. ती धपाट्यात तीळ जास्त घालायची. इथपर्यंत झालं आहे. यात नसेल ते ईश्वरीच्या आईत कधीच असणार नाही, म्हणून त्याला थांबता येत नाही. आणि पुढचं वाक्य येतं, तिथे त्याचा हात अडतो. ती रोज दिवेलागणीला मुलीला मांडीवर घेऊन स्वतःच्या हातानं पट्टी बांधायची. हे वाक्य त्यानं लिहिलं आहे, खोडलं आहे, परत लिहिलं आहे.

ते ठेवायचं की नाही, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. धडा अजून पट्टीत चढवलेला नाही.