दुसरी पार्टी

दलालीचं काम शिकायला दोन दिवस पुरतात, असं मामांनी पहिल्याच सकाळी सांगितलं. लाज सोडायला किती दिवस लागतात, ते काही बोलले नाहीत.

मामा म्हणजे आमच्या इस्टेट एजन्सीचे मालक. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते. ऑफिसात सगळे म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. आणि मी म्हणजे पन्नाशी ओलांडलेला नवशिका. आधीची अठ्ठावीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या, हे काम. छापखाना बंद पडला आणि सात महिने मी घरी बसलो. ही गोष्ट बायकोखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

ताईपासून तर मी ती जिवापाड लपवली होती. ताई माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनं मशीनवर कपडे शिवून मला वाढवलं, शिकवलं. पुढे पाय दुखायला लागले तेव्हा मशीन विकून टाकलं. छापखान्यात लागलो त्या दिवशी गल्लीभर सांगत फिरली होती, "पुस्तकातल्या चुका आमचा धाकटा काढतो म्हटलं!" आता त्या ताईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी घरी बसलो त्याच्या तिसऱ्या महिन्यात तिचा फोन आला. सकाळचे अकरा वाजले होते. मी लेंग्यावर वाटाणे सोलत बसलो होतो.

"तुझी मागची खोली रिकामीच असते ना रे?" ती म्हणाली. "माझा घरमालक खोली परत मागतोय. दोन-तीन महिने येऊन राहू का? तुम्हाला अडचण नाही व्हायची."

ती आली असती तर पहिल्याच दिवशी तिनं मला वाटाणे सोलताना बघितलं असतं. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं. मी बोलून गेलो, "अगं ताई, ती खोली दिली ना. भाडेकरू ठेवलीय एक बाई. परवाच ठरलं."

"हो का? नीट आहे ना बाई?"

खोटं बोलायची सवय नसली की माणूस हाताला येईल ते उचलतो. मी म्हणालो, पन्नाशीची आहे, उंच आहे, एकटीच. डावा पाय जरा ओढत चालते. शिवणकाम करते.

"बरं झालं," ताई म्हणाली. "तुला तेवढाच आधार." आणि ती एका मैत्रिणीकडे जिन्याखालच्या खोलीत राहायला गेली. त्या दिवसापासून मोबाइलवर तिचं नाव दिसलं की मी फोन उलटा करून ठेवायचो. घरचा फोन वाजला तर उचलावा लागेल, म्हणून दुपारभर वाचनालयात जाऊन बसायचो. बायको दवाखान्यात नर्स आहे, तिची दिवसपाळी. ती रोज म्हणायची, "ताईंना खरं सांगून टाक. जीव नाही जायचा." माझं आपलं एकच उत्तर, "नोकरी लागू दे, मग सांगतो." नोकरी लागली, पण ही! दलाल झालो हे सांगायचीही लाज वाटली.

मामांनी मला पहिला फ्लॅट दिला तो तळमजल्यावरचा. दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी कुंपणाच्या भिंतीकडे, नळाखाली गंजाचा डाग. पार्टी म्हणजे निवृत्त चित्रकलेचे मास्तर आणि त्यांच्या मंडळी. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पार्टी म्हणतात. काकूंना गुडघ्यांमुळे जिने चढता येत नव्हते. दोघंही सालस. घर त्यांना आवडलं होतं, फक्त "विचार करून सांगतो" म्हणत होते. मी बाहेर जाऊन मामांना फोन केला.

"विचार करून कुणी घर घेतं का? दुसरी पार्टी सांग!"

"दुसरी पार्टी नाहीये, मामा."

"अरे देवा! नसते कधीच. सांगायची असते. आणि अशी सांग की डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे."

डोळ्यांपुढे माझ्याकडे एक उभी होतीच. मी आत गेलो आणि म्हणालो, "घाई नाही, पण कालच एक बाई बघून गेल्यात. एकट्या आहेत, उंचशा, पाय जरा ओढत चालतात. शिवणकाम करतात. स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा मोजून गेल्या, पडद्यासाठी. तीन फूट सात इंच." तो आकडा कुठून आला, मला माहीत नाही. आकडा घातला की खोटं खरं वाटतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

"एकट्याच का हो? बिचाऱ्या," काकू म्हणाल्या. माझे कान तापले. मी नळाखालच्या डागाकडे बघत राहिलो.

आमच्याकडे एक भेटीची वही असते. फ्लॅट बघायला येणाऱ्या प्रत्येकानं त्यात वेळ आणि काम लिहून सही करायची, म्हणजे उद्या कुणी आम्हाला टाळून परस्पर मालकाकडे गेलं तर पुरावा राहतो. दुसऱ्या सकाळी मी वही उघडली. मास्तरांच्या सहीखाली आणखी एक ओळ होती. तोच फ्लॅट. वेळ चार वाजून दहा मिनिटं. कामाच्या रकान्यात 'पडद्याचं माप'. सहीची जागा कोरी. अक्षर पेन्सिलचं, बारीक, उजवीकडे झुकलेलं. अठ्ठावीस वर्षं मी लोकांची हस्ताक्षरं वाचली आहेत. हे आमच्या ऑफिसातल्या कुणाचंही नव्हतं.

"मामा, ही चेष्टा तुमची ना?"

"मला स्वतःची नोंद करायचा कंटाळा, तुझी कशाला करू?" ते म्हणाले. मग ओळ वाचून हसले. "पार्टी खरी निघाली की काय तुझी? नशीबवान आहेस लेका!"

फ्लॅटची किल्ली एकच होती आणि ती कालपासून माझ्या खिशात होती. मी तडक तिकडे गेलो. कुलूप जागच्या जागी होतं. खोल्यांमध्ये बंद घराचा वास होता आणि त्यात मशीनच्या तेलाचा, अगदी हलका. ताईच्या हाताला यायचा तोच. फरशीवर धूळ होती. धुळीत आमच्या कालच्या पावलांवरून आणखी कुणाची पावलं दारापासून स्वयंपाकघरापर्यंत उमटलेली. उजवं पाऊल स्वच्छ. डाव्या पावलाच्या जागी एक लांब फराटा.

खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलच्या दोन बारीक रेघा होत्या. माझ्या खिशात टेप होती, ऑफिसनं दिलेली. मी मोजलं. रेघांमधलं अंतर तीन फूट सात इंच. खिडकी मात्र पुरती चार फुटांची होती. भीती वाटायच्या आधी मला रागच आला. चुकीच्या जागी खूण बघितली की मला राहवत नाही. मी रुमालानं रेघा पुसायला गेलो, पण त्या निघेनात.

समोरच्या फ्लॅटमधले आजोबा दारात वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"तुमच्या त्या बाई बराच वेळ होत्या हो काल," ते म्हणाले.

"कोण बाई?"

"अहो, त्या नाही का, पाय ओढत चालणाऱ्या. मी म्हटलं बसा घटकाभर. म्हणाल्या, अजून दोन घरं मोजायची आहेत."

संध्याकाळी बायकोला सांगितलं तर ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून हसणं थांबवलं. "हे बघ," ती म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. पण तू त्या मास्तरांना खरं सांग. आणि ताईंनाही. एक खोटं दोन ठिकाणी वापरलंस, त्याचं हे झालंय."

रात्रभर विचार करून मी निम्मं ऐकायचं ठरवलं. मास्तरांना सांगायचं. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांना फ्लॅटवर बोलावलं. नोकरी गेली तर जाऊ दे, काकूंच्या गुडघ्यांचा शाप तरी नको.

मी पोचलो तेव्हा दोघं दाराबाहेरच्या पायरीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आतच मास्तर म्हणाले, "आमचा विचार रद्द झालाय. घर त्या बाईंनाच द्या."

"कुठल्या बाईंना?"

"तुमच्या त्या दुसऱ्या पार्टीला," काकू म्हणाल्या. "काल पुन्हा बाहेरून घर बघायला आलो, तर भेटल्या ना इथेच. तासभर बोलत बसलो. आमचं काय, लेकाकडे जाऊ. सुनेची बोलणी खाऊ, पण डोक्यावर छप्पर आहे. त्यांना कोण आहे?"

"काय म्हणाल्या त्या?"

"सख्ख्या भावाकडे रिकामी खोली होती म्हणे. बाईंनी तोंड उघडून मागितली, तर दुसऱ्या कुणाला दिली म्हणून सांगितलं. खोटंच!"

मी खिशातली किल्ली चाचपली.

"पण भावाला नावं नाही हो ठेवली," काकू पुढे म्हणाल्या. "वाईट नाही तो, म्हणाल्या. नोकरी गेलीय त्याची. लाजतो."

मी भिंतीला हात टेकला. "काकू, अशी कुणी बाई नाही. मी खोटं बोललो. तुम्ही लवकर हो म्हणावं म्हणून बोललो. मला माफ करा."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. वर्गात एखादं पोर उगाचच रडायला लागलं की बघतात तसं.

"असं काय बोलता?" ते म्हणाले. "तुमच्याबद्दल किती चांगलं बोलत होत्या त्या."

दोघं गेले. काकू कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत. मी त्या पायरीवर बसलो आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा ताईला फोन लावला.

"ताई."

"बोल रे." जणू कालच बोललो होतो.

"ताई, मागची खोली रिकामी आहे. ती बाई कधी नव्हतीच. माझी नोकरी गेली होती. मी तुला फसवलं."

"नोकरीचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं."

"कुणी?"

"तुझ्या भाडेकरू बाईंनी. तू मोबाइल उचलत नाहीस, म्हणून मी दुपारी घरी फोन करते. त्या उचलतात. मीच म्हटलं त्यांना, मला कळलंय हे त्याला सांगू नका. लाजेल."

चार महिने ती सगळं जाणून होती. माझी अब्रू मी नाही, तिनं झाकून ठेवली होती.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते."

मी रडलो. भर दिवसा, परक्या दारात. मग म्हणालो, "ताई, तू ये. उद्याच ये."

"येईन की. त्याही म्हणत होत्या, मला दुसरं घर मिळतंय, खोली मोकळी करून देते."

घरी जाऊन मी मागची खोली उघडली. छापखान्यातून आणलेल्या जुन्या कागदांची खोकी मी तिथे रचून ठेवली होती. त्यानंतर सात महिने कुणी दार उघडलं नव्हतं.

खोकी भिंतीशी नीट लावलेली होती. जमीन झाडलेली होती.

खिडकीला पडदा होता. निळसर, साधा, हातानं दुमड घातलेला. मी टेप काढली. खिडकी तीन फूट सात इंच भरली.

बायकोनं पडदा बोटांत धरून बघितला. "शिवण चांगली आहे," ती हळूच म्हणाली. तो काढावा असं ती म्हणाली नाही, मीही नाही.

ताई दुसऱ्या दिवशी एक ट्रंक आणि एक पिशवी घेऊन आली. तिनं मला काही विचारलं नाही. डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास." त्या रात्री मी सात महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपलो.

पुढच्या दिवशी बायको कामावर, मी ऑफिसात. तळमजल्याचा फ्लॅट अजून तसाच पडून होता. दुसरी पार्टी सही करायला आलीच नव्हती, आणि मामा माझ्या नावानं शंख करत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. दुपारी मी मुद्दाम, मजेत, घरी फोन लावला. ताईनं उचलला.

"जेवलीस का?"

"जेवलो की. आत्ताच आटोपलं आमचं."

"आमचं?"

"अरे हो, तुला सांगायचं राहिलं. आल्या त्या परत, सकाळी तू गेल्यावर. ते घर नको म्हणाल्या. खिडकी मोठी निघाली, पडदा पुरत नाही. आणि खोली दोघींना पुरते बरं का. तू उगाच नाही म्हणालास तेव्हा."

मी फोन कानाशी घट्ट धरला. तिच्या आवाजामागे शिवणाचं मशीन चालू होतं. एकाच पायानं चालवावं तसं, अडत अडत.