तीन वाजताचं पाणी

हिरवळीला तहान लागली आहे का, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. तिच्यावरून अनवाणी चालायचं आणि वळून बघायचं. गवतात पुरेसं पाणी असेल तर दबलेली पाती पुन्हा उभी राहतात आणि पाऊल पुसलं जातं. गवत तहानलेलं असेल तर ठसा तासन्‌तास तसाच राहतो.

ही रीत मला माझ्या नवऱ्याने शिकवली. हे सकाळच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, एकला घरी यायचे आणि उरलेला दिवस हिरवळीच्या दिमतीला असायचे. गवत कापायच्या यंत्रात डाव्या पायाची शेवटची दोन बोटं गेली, तरी नाद गेला नाही. ओळखीपाळखीचे लोक तिला माझी सवत म्हणायचे. मीही हसून घ्यायचे.

हे जाऊन दोन वर्षं झाली. दवाखान्यात माझा हात धरून त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, गवत मरू देऊ नकोस. मी शब्द दिला.

घरात आता मी आणि माझी धाकटी बहीण. संसार मोडल्यावर सहा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली. दिवसभर घरीच मशीनवर लोकांचे कपडे उसवते, शिवते. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि चारला घरी येते. समोर दिसेल तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही माझी तिथली सवय. इथेही तसंच सांगते आहे.

यंदा पाऊस सलग तिसऱ्या वर्षी हुकला. नळाला चार दिवसांनी तासभर पाणी, बागेत पाईप लावायला बंदी. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या हिरवळीवर पाणी सोडलं, म्हणजे पाणी घालणंच सोडलं. मी मात्र अर्ध्या बादलीत अंघोळ करायला शिकले. कपडे विसळलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठवायचं आणि आठवड्यातून दोनदा, उजाडताना, मगाने घालायचं. गवताचा जीव राहील एवढंच.

एका मंगळवारी चारला फाटक उघडलं आणि थांबले. गवतावर पावलं उमटली होती, अनवाणी, फाटकापासून घराच्या दिशेने गेलेली. परतीचं एकही नव्हतं. उजव्या पावलाला पाच बोटं होती. डाव्याला तीन.

मी टेप आणून लांबी मोजली. कपाटातून यांची जुनी चप्पल काढली. तिच्यावर बोटांनी पडलेले खळगे त्या ठशाशी ताडून पाहिले. जुळले. दुसऱ्या दिवशी निघताना फाटकाच्या कडीवर चिकटपट्टी लावून गेले. चारला पट्टी जशीच्या तशी होती आणि पावलं ताजी होती.

सांगायला लाज वाटते, पण भीती वाटली नाही. आनंद झाला. दोन वर्षं उपाशी मन, त्याला एवढंही पुरलं. फाटकाकडून येताना पहिली खिडकी माझ्या खोलीची लागते. मी पलंग ओढून खिडकीशी घेतला, पडदे धुतले. धाकटी दारात उभी राहून बघत होती. 

पावलं माझ्या खिडकीपाशी जास्त खोल असतील, असं मी धरून चालले होते. तिथे ती थांबत असतील. पण ठसे एकसारखे होते आणि पुढे कोपऱ्याकडे गेले होते. कोपऱ्यावर धाकटीची खोली आहे.

मग मी रजा घेतली. तिला सांगितलं नाही. नेहमीच्या वेळी निघाले, मागच्या दाराने परत आले आणि माझ्या खोलीत पडद्याआड बसले.

दोन वाजले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हाने फाटकाची सळई दिसेनाशी झाली होती. पलीकडच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं.

मग मशीन थांबलं.

फाटकाजवळचं गवत दबलं. आधी टाच, मग चवडा. त्याच्यापुढे दुसरं पाऊल. अंगणात कोणी नव्हतं. नुसतं गवत खाली बसत होतं, घाई न करता, ओळखीच्या चालीने, डावीकडे जरा झोकून.

मी पडदा बाजूला केला. खिडकीत पूर्ण उभी राहिले.

पाऊल माझ्यासमोर आलं. जरासुद्धा अडखळलं नाही. पुढे गेलं.

कोपऱ्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

 तेव्हा मला तीन वाजताचं पाणी आठवलं. हिरवळीला पाणी द्यावं ते पहाटे, हे यांचंच म्हणणं. भर उन्हात दिलेलं पाणी वाया जातं, असं ते चारचौघांना ऐकवायचे. पण धाकटी राहायला आली त्या उन्हाळ्यापासून हे स्वतः रोज दुपारी तीनला पाणी मारायला लागले. मी विचारलं होतं, तर उन्हाळा फार कडक आहे म्हणाले. मी चारला यायचे तेव्हा गवत ओलं असायचं, एकूणएक पातं ताठ उभं असायचं, ठसा एकही नसायचा. किती छान ठेवलीय हो, असं म्हणत मी त्यावरून घरात शिरायचे.

चार वर्षं. रोज. माझ्या पाठच्या बहिणीबरोबर. आणि मी त्या गवतासाठी अर्ध्या बादलीत अंघोळ करत होते.

संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात आली. मी साठवलेल्या पाण्याच्या बादलीकडे बघत उभी राहिली. एरवी ती त्यांना भावोजी म्हणायची.

"ताई, रोज थोडं पाणी घालू या का? पाय भाजतात ह्यांचे."

मी बादली उचलली आणि तिच्यासमोर मोरीत ओतली. त्या दिवसापासून गवताला थेंब दिला नाही. शब्द मोडला, आणि मोडताना बरं वाटलं. पंधरा दिवसांत हिरवळ पिवळी पडली, महिन्यात काड्या झाल्या, मग नुसती टणक माती उरली. तिच्यावर कोणाचंच पाऊल उमटत नव्हतं. धाकटी रडेल, भांडेल, निदान जेवण टाकेल, याची मी वाट पाहिली. ती वेळेवर जेवत होती. रंगसुद्धा उजळला होता तिचा.

काल लॅबमधून लवकर सुटले. पूर्ण गल्ली मातकट, झाडांनाही पान नाही. धाकटीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती गाढ झोपली होती, पांघरुणातून पाय बाहेर आले होते. मी वाकून हात लावला. तळवे थंडगार होते, ओले, आणि बोटांच्या बेचक्यांत नुकत्याच कापलेल्या गवताची हिरवी पाती अडकली होती.