गावदेवीच्या नावाचा पासवर्ड

मल्हारची मोटारसायकल लवासाच्या वाटेला लागतेय न लागतेय, तोच उत्कर्षा रस्त्यात आडवी उभी राहिली. केस मोकळे, नाकाचा शेंडा लालभडक.

"आमच्या अंगणात क्यामेरा तूच बसवलास ना? चल आधी घरी!"

मल्हार भुकूम गावचा. मुठा खोऱ्यात घरोघरी कॅमेरे बसवायचा. उत्कर्षाच्या वडिलांनी, हैबतरावांनी, पाहुण्यांना भाड्यानं खोल्या द्यायला काढल्या आणि अंगणात एक कॅमेरा लावून घेतला. आज सकाळी ती उन्हात केस वाळवत होती आणि त्या मेल्या डबड्याने चक्क मान वळवून तिच्याकडे पाहिलं! स्वतःच्याच अंगणात चोरासारखं वावरायचं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

अंगणात येताच तिनं कॅमेऱ्याकडे बोट रोखून वडिलांना विचारलं, "आबा, ह्याचा पासवर्ड कुणाकुणाला ठाव हाय?"

"गावदेवीचं नाव हाय," हैबतराव ऐटीत म्हणाले. "समद्या गावानं त्योच ठेवलाय. देवीच्या नावानं कोण वाकडं वागतंय?"

"आन् लॉगिनला तुमचा फोन नंबर, त्यो तर खोल्यांच्या पाटीवरच लिवलाय! म्हंजी कुणीबी यावं आन् आमाला बघावं?" ती मल्हारकडे वळली. "तुला सांगता आलं न्हाई?"

मल्हारला सगळं गावावर ढकलून मोकळं होता आलं असतं...

"सांगाया हवं हुतं, चुकलंच. पर आज मान वळली ती—माज्यामुळं. नीट चालतोय का बघाया फोनवर उघडला, फिरवला. तुमची शेळी वढणी चावत हुती, तुमी तिला दम देत हुता... मग बंदच करवंना."

हैबतराव काठी शोधू लागले.

"लाज न्हाई वाटली?"

"वाटली. म्हणून तर लवासाला पळालो."

तिला हसू येऊ पाहत होतं, त्याचाच तिला जास्त राग आला. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन हाकलता तरी आलं असतं!

"काढ त्यो, आन् फाटकावर रस्त्याकडं लाव."

त्यानं मुकाट्यानं लावला. नवा पासवर्ड टाकताना तिनं त्याला पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभं केलं.

"आता मला काय बी दिसायचं न्हाई," तो झाडालाच म्हणाला.

"बरंच हाय! बघावं वाटलं तर दारातनं यायचं. आबांम्होरं बसायचं, च्या मागायचा... आन् मला तोंडावर बघायचं. चोरून न्हाई!"

तो हळूच वळला. "मग... कवा येऊ?"

"आलायस न्हवं? बस तितं!"

फणकाऱ्यानं आत जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं. राग अजून उतरला नव्हता, पण साखर मात्र जरा जास्तच पडली.