चार भोंग्यांची मुकी मोटारसायकल

एका भोंग्यावर खणखणीत बोलणारी मोटारसायकल चार भोंगे लावल्यावर मुकी कशी होते? २०४९ सालच्या चैत्रात एका संध्याकाळी बोरटोल्याच्या सुगंधा आत्रामला हे कोडं पडलं, आणि ते सुटलं नसतं तर दुसऱ्या दिवशी तिच्या मुक्ताकाकूचं काही खरं नव्हतं.

सुगंधाची आई वनरक्षक. वाघ गावाकडे सरकला की ती विजेच्या मोटारसायकलवरून रानवाटांनी फिरायची आणि भोंग्यावरून सांगायची, "मोह वेचू नका, परत फिरा." मोहाची फुलं वेचायला जाताना फोन कोण नेतो? पण भोंग्याचं तोंड पुढे, त्यामुळे मागच्या रानात कुणाला धड ऐकू जायचं नाही. आज नाल्यापाशी वाघीण दिसली होती, सोबत पिल्लं. काकू तर झुंजूमुंजू व्हायच्या आत मोहाखाली हजर. नको म्हटलं म्हणून थांबेल तर ती मुक्ताकाकू कसली.

म्हणून आईने आणखी तीन भोंगे आणले, चौघांची तोंडं चार दिशांना केली आणि लग्नाच्या मांडवात जोडतात तसे जोडून टाकले. लाल तारेला सगळ्या लाल, काळीला सगळ्या काळ्या. दोन मिनिटं दणक्यात आवाज आला आणि मग चिडीचूप. ॲम्प्लिफायर (बारीक आवाजाला बळ देणारी पेटी) हात लाववेना इतका तापला होता.

वनचौकीतला दुरुस्तीचा यंत्रमानव खटपट्या कुरकुरत आला. "शहाणपण उतू चाललंय नुसतं. पेटीच्या झाकणावर काय लिहिलंय, वाच."

"चार ओहमपेक्षा कमी नको," सुगंधाने वाचलं.

"ओहम म्हणजे अवरोध (विजेच्या वाटेतली अडवणूक) मोजायचं माप. तुमचा एकेक भोंगा चार ओहमचा. आता सांग, वाढपी एकच आणि चार पंगती एकदम भात मागायला लागल्या, तर?"

"दमेल बिचारा."

"तसंच झालं. चार वाटा शेजारी शेजारी उघडल्या की अडवणूक घटते. चार ओहमचा उरला एक. पेटीकडे चौपट विजेची मागणी. जळू नये म्हणून ती आपणहून बंद पडली. तुमच्यापेक्षा शहाणी आहे."

"मग एकामागे एक जोडू?"

"चारही? सोळा ओहम होतील. वीज कमी जाईल आणि आवाज पडेल."

सुगंधाने मातीत रेघा ओढल्या. दोन भोंगे एकामागे एक, म्हणजे आठ ओहम. अशा दोन जोड्या शेजारी शेजारी, म्हणजे आठाचे निम्मे. ती हरखून म्हणाली, "चार झाले की."

"झाले. प्रत्येक भोंग्याला पाव बळच मिळेल, फार लांब जाणार नाही. पण चारी दिशांना जाईल. आईला वाटा जास्त फिराव्या लागतील, इतकंच."

तारा तशा जोडून पहाटे आई निघाली. सुगंधा चौकीच्या अंगणात खटपट्याजवळ वाट बघत उभी. उन्हं वर आली तरी काकूचा पत्ता नाही. सुगंधाला रडू फुटणार, तेवढ्यात अर्धी टोपली डोक्यावर घेऊन काकू आली, तीही चिडलेली.

"काय वं, तुझ्या मायची गाडी पुढं निघून गेली, तरी तिचा आवाज पाठ सोडेना. निघाली मी, तर मागं गवत हललं. वाघीणच होती."

सुगंधाने काकूला घट्ट मिठी मारली आणि तिला रडू आलंच.

खटपट्या म्हणाला, "पलीकडच्या चौकीतही एकाच भोंग्याची गाडी आहे म्हणतात."

सुगंधाने डोळे पुसले. "पक्कड दे," ती म्हणाली.