शुक्रवारची सफी

खोटं वाटलं तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडली आहे. अजमानमध्ये. १४ मार्च १९९७, शुक्रवार, दुपारी साडेबारा वाजता.

हो, दुपारीच. भुताला रात्रच लागते असं कुणी सांगितलं? आमच्या कोकणात भर दुपारी बाराला पोरांना विहिरीवर जाऊ देत नाहीत, ते काय उगाच?

आणि अजमानची शुक्रवारची दुपार ज्याने बघितली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. सगळे नमाजाला गेलेले. दुकानांची शटर खाली. बिल्डिंगची लिफ्टसुद्धा हलत नाही. फक्त एसीची घरघर...

विजयकुमार म्हणजे माझे भावोजी. शोभनाताईचे यजमान. पण पुढे मी त्यांना अरे-तुरेच करणार आहे. मान द्यावा असं त्या माणसाने काही केलेलं नाही.

एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत तो अ‍ॅडमिनला होता. हुद्दा बेताचा, रुबाब मात्र शेखचा. कारण कामगारांचे पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये असायचे. रजेचा फॉर्म आधी त्याच्या टेबलावर यायचा. त्याने तो उचलून मॅनेजरच्या ट्रेमध्ये ठेवला, की सही. सही झाली, की पासपोर्ट हातात.

उचलून ठेवायचा. एवढंच काम.

त्याच कंपनीत रामचंद्र नावाचा प्लंबर होता. मालवणकडचा, तिशीचा, अबोल. आठवडाभर पाइप जोडायचा आणि शुक्रवारी पहाटे समुद्रातल्या दगडी बांधावर जाऊन गळ टाकायचा.

तिथे मिळायची सफी. वीतभर लांबीचा चपटा मासा, अंगावर पिवळट ठिपके. एका तव्यात दोन बसतात. चव अशी, की सुरमई विसराल. पण पाठीवरचे काटे विषारी. एक टोचला, तर खांद्यापर्यंत हात ठणकतो.

रामचंद्रकडे काठी-बिठी काही नव्हती. नुसती दोरी बोटाला गुंडाळायची आणि बारीक गळ लावायचा. दगडावरचं हिरवं शेवाळ मैद्यात मळून त्याची गोळी करायची.

"सफी गिळत नाही साहेब, चाटते," तो सांगायचा. "दोरीवर मुंगी चालल्यासारखं वाटलं, की हळूच उचलायचं. हिसका दिलात तर गेली."

मिळालेली सफी तो जाळीच्या पिशवीत घालून पाण्यातच सोडून ठेवायचा, दगडाला बांधून. निघेपर्यंत मासा जिवंत. पंजापेक्षा लहान असेल तर परत समुद्रात. निघताना पक्कड काढायची आणि एकेक काटा कापून टाकायचा. वहिनींच्या हाताला लागू नये म्हणून.

मग साडेबाराला ताईच्या दाराची बेल वाजायची. एकदाच. पिशवी हातात द्यायची आणि जायचं. ताई म्हणायची, "चहा तरी घेऊन जा हो." आतून विजयकुमार ओरडायचा, "अगं, त्याला घाई असेल, जाऊ दे!"

फुकट ते पौष्टिक. दोन वर्षं खाल्ले मासे. एक कप चहा कधी पाजला नाही.

मार्चच्या सुरुवातीला गावाहून फोन आला. रामचंद्रची आई ठकुबाई अंथरुणाला खिळली होती. एकटी बाई, दुसरं कुणी नाही. त्याने त्याच दिवशी साठ दिवसांच्या रजेचा फॉर्म भरून दिला.

विजयकुमारने तो ड्रॉवरमध्ये टाकला.

का? तर चौदा तारखेला मॅनेजरला त्याने घरी जेवायला बोलावलं होतं. बढतीचा विषय होता. "अशी सफी खिलाऊंगा सर, फ्रेश फ्रॉम द सी," अशी फुशारकी मारून ठेवलेली. रामचंद्र गेला, तर सफी आणणार कोण?

रामचंद्र रोज येऊन उभा राहायचा. "साहेब, माझं काम?"

"होईल रे, इन्शाल्ला. मॅनेजर बिझी आहे."

अकरा दिवस हेच चाललं. बाराव्या दिवशी रामचंद्र घरी आला. ताई तिथेच उभी होती, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"परवा मॅनेजर माझ्याकडे जेवायला येतोय," विजयकुमार म्हणाला. "वीस-बावीस सफी आण. मूड बघून विषय काढतो. शनिवारी पासपोर्ट तुझ्या हातात. खलास!"

"साहेब, वारा सुटलाय. लाटा बांधावर चढतात. उभं राहता येत नाही."

"मग राहू दे. मलापण शब्द टाकता येणार नाही. यल्ला, चल, ये आता."

रामचंद्रने पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, "आणतो साहेब."

शुक्रवार उजाडला. बाहेर वारा घोंघावत होता. ताईने मसाला वाटून ठेवला. बारा वाजले. मशिदीतला खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, लाउडस्पीकरवरून ऐकू यायला लागला.

साडेबारा...

बेल वाजली. एकदाच.

विजयकुमारने दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

दाराच्या मुठीला पिशवी लटकत होती. खाली पाण्याचं थारोळं. लिफ्ट खालच्या मजल्यावर उभी. जिन्यात पावलांचा आवाज नाही.

"गेला वाटतं," तो म्हणाला. खरं तर त्याला बरंच वाटलं. फॉर्मचा विषय टळला.

पिशवीत बावीस सफी होत्या. काटे कापलेल्या. ताईने हात लावला आणि पटकन मागे घेतला. मासे बर्फासारखे गार होते. बर्फाचा मात्र एक खडा नव्हता.

मॅनेजरने चार खाल्ल्या. विजयकुमारने पाच. रजेचा विषय निघालाच नाही. बढतीचा निघाला.

शनिवारी सकाळी ऑफिसात खैरुद्दीन आला. रामचंद्रच्या खोलीत राहणारा, त्याच्यासोबत मासेमारीला जाणारा. डोळे सुजलेले.

"साहब, रामचंद्र गया."

"कुठे गया?"

"बांधावरून लाट घेऊन गेली साहब. कल सुबह नौ बजे. दिवसभर पोलीस, बोटवाले शोधत होते."

सकाळी नऊ वाजता...

विजयकुमारच्या तोंडचं पाणी पळालं. "पण मासे? मासे कुणी आणून दिले?"

खैरुद्दीन त्याच्याकडे बघतच राहिला. "कौनसे मासे? एक भी नहीं मिली थी. म्हणत होता, साहेबांना काय तोंड दाखवू. म्हणून तर पुढच्या दगडावर गेला."

विजयकुमार उठला, बाथरूममध्ये गेला आणि भडाभडा ओकला.

तिसऱ्या दिवशी प्रेत मिळालं. तिथेच अग्नी दिला. गावी तार गेली, तीही विजयकुमारच्याच हातची. ड्रॉवरमधून पासपोर्ट काढला, त्याच्याखाली फॉर्म होता. त्यावर तारीख होती. तो फॉर्म बाहेर आला असता तर पहिला प्रश्न आला असता, इतके दिवस दाबून का ठेवला? बढती राहिली बाजूला, नोकरी गेली असती. त्याने फॉर्म परत आत सरकवला.

पुढचा शुक्रवार आला.

साडेबारा.

बेल वाजली... एकदाच.

कुणी उठलं नाही. अर्ध्या तासाने ताईने दार उघडलं. मुठीला पिशवी. आत सहा सफी. आणि यावेळी त्या जिवंत होत्या. कल्ले हलत होते.

ताईने पिशवी तशीच खाली नेऊन कचऱ्याच्या पेटीत टाकली. वर आली, तर पायपुसण्यापासून लिफ्टपर्यंत ओली पावलं. अनवाणी. सगळी दाराकडे येणारी. परत जाणारं एकही नाही.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला फैलावर घेतलं. "फॉर्मचं काय केलंत तुम्ही?"

"दिला होता."

"कुणाला?"

त्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला. चोराच्या मनात चांदणं.

अठ्ठावीस मार्चला पुन्हा तेच. ताई म्हणाली, "तो शब्दाला जागतोय हो. तुम्ही सांगितलंत मासे आण, तो आणतोय. त्याचा फॉर्म पुढे द्या. जे व्हायचं ते होऊ दे."

"वेडी झालीस का? मेलेल्या माणसाची रजा? आणि व्हिसा गेला तर राहायचं कुठे आपण?"

चार एप्रिल. विजयकुमारने दोन्ही कड्या लावल्या. टीव्ही मोठ्याने लावला. ताई देवापुढे बसली.

साडेबाराला टीव्ही बंद पडला. एसी बंद पडला. अशी शांतता त्या घरात कधीच नव्हती.

बेल वाजली नाही.

दाराखालच्या फटीतून पाणी आत आलं. हळूहळू, टाइलच्या रेघेरेघेने. आणि त्या फटीत दोन सावल्या दिसल्या. दोन पायांच्या...

"साहेब..."

आवाज नेहमीचा. खालचा, अदबीचा.

"साहेब, माझं काम?"

राग नाही, धमकी नाही. विजयकुमार मला नंतर म्हणाला, शिवी दिली असती तरी परवडलं असतं रे.

त्याची पाचावर धारण बसली. तो भिंतीला चिकटून ओरडला, "झालं! झालं तुझं काम! रजा पास झाली. साठ दिवस. आता जा बाबा, घरी जा!"

टाइलवरचं पाणी होतं तिथेच थांबलं.

मग आवाज आला. "उपकार झाले, साहेब."

सावल्या नाहीशा झाल्या. एसी सुरू झाला.

शनिवारी विजयकुमारने फॉर्मचे बारीक तुकडे करून टॉयलेटमध्ये सोडून दिले. त्यानंतर बेल वाजली नाही. महिनाभरात बढतीचं पत्रही आलं. सुटला, असं वाटलं त्याला.

मे महिन्यात दोघं सुट्टीवर आले. मुक्काम चिपळूणला आमच्याच घरी. खैरुद्दीनने रामचंद्रचे कपडे आणि अस्थींचा तांब्या एका बॅगेत बांधून दिला होता. ताई हटून बसली, की हे त्याच्या आईच्या हाती आपणच द्यायचं. वीस मेला दोघं मालवणकडे गेले.

ठकुबाई अंथरुणाला खिळलेली असेल, असं त्यांना वाटलं होतं. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. ठणठणीत.

ताईने नाव सांगितलं. म्हातारीने विजयकुमारचे पायच धरले.

"सायबानू, तुमचे उपकार कशे फेडू? तुम्ही रजा दिल्यात म्हणान माझो झील इलो. त्याका बघलंय आणि माका बरा वाटूक लागला."

विजयकुमारला पाय सोडवून घेता येईनात.

"रामचंद्र कधी आला?" ताईने कसंबसं विचारलं.

"चार एप्रिल, शुक्रवार. भर दुपारी. लोक खुळे गो बाय, तार इली तार इली म्हणतत. माझो झील रोज माझ्या वांगडा जेवता. आता गेलोसा गळ घेऊन, दर्यार."

ओटीवर दोन पाट मांडलेले होते. एका पाटाभोवतीची जमीन ओली होती.

बॅग उघडायचा धीर कुणाला झाला नाही. म्हातारी आशीर्वाद देत होती आणि विजयकुमार मान खाली घालून ते घेत होता. मला विचाराल, तर त्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती. पण ती पुरली नाही.

निघताना म्हातारी म्हणाली, "रजा सरली काय सायबाकडेच हजर होतलंय म्हणता. तुमचो पत्तो दिया, त्याका सांगतंय."

ताई बिचारी. तिने भांबावून आमच्या चिपळूणच्या घराचा पत्ता कागदावर लिहून दिला.

परत आल्यावर विजयकुमारने एका दुपारी मला सगळं सांगितलं. फॉर्म, ड्रॉवर, सगळं. मग बोटांवर दिवस मोजले. साठ दिवस तीन जूनला भरत होते. तो अजमानला परत गेलाच नाही. तारेने राजीनामा पाठवला. ज्या नोकरीसाठी फॉर्म फाडला, ती अशी गेली. तीस मेला दोघं पुण्याला भाड्याच्या फ्लॅटवर राहायला गेले. जाताना मला बजावलं, "कुणी आलं तर आम्ही कुठे आहोत ते माहीत नाही म्हण."

सहा जूनला शुक्रवार होता. मी घरी एकटाच. जेवायला बसणार, तेवढ्यात दाराबाहेरून हाक आली.

"साहेब आहेत?"

खालचा, अदबीचा आवाज.

माझा हात कडीवर होता. कडी गार पडली होती. दाराखालून पाणी आत येत होतं.

मी रामचंद्रला कधी बघितलं नव्हतं. पण मला त्या क्षणी त्याची भीती नाही वाटली हो. मला आठवला तो दोन वर्षं दारातून परत पाठवलेला माणूस. आणि रागच आला. सगळा राग एकदम आला.

मी दार न उघडता पुण्याचा पत्ता सांगितला. पेठ, गल्ली, बिल्डिंग. मजला, फ्लॅट नंबर. दोनदा सांगितला, चुकू नये म्हणून.

"उपकार झाले," तो म्हणाला.

माझी ताईसुद्धा त्याच फ्लॅटमध्ये राहते, हे मला पाणी ओसरल्यावर सुचलं.

आता सहा वर्षं झाली. भावोजी घराबाहेर पडत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. शुक्रवारी ताईचा फोन येतो, दुपारी एकच्या सुमाराला. आज काय झालं ते सांगते. रडते. आणि शेवटी दर वेळी एकच विचारते.

"पण अरे, त्याला पुण्याचा पत्ता कुणी दिला असेल?"

मी म्हणतो, "काय माहीत, ताई."