चराचं दुसरं टोक

चिकणमाती ही आमच्या धंद्यातली सवतच होती. दगडाला पातं भिडतं, मुरमाला भिडतं. पण ओली चिकणमाती पात्यांच्या बेचक्यांत जाऊन बसते आणि फिरणारा ड्रम बघता बघता नुसता मातीचा गोळा होऊन जातो. मग पोकलेन थांबवा, ड्रम खाली टेकवा, पहारीनं माती खरवडा, पुन्हा सुरू करा. पाइपलाइनची कामं करणारे ठेकेदार याच गोष्टीला वैतागून आमचं यंत्र परत पाठवायचे.

आमचं म्हणजे दादाचं आणि माझं. वडिलांमागे वर्कशॉप आम्हा दोघांकडे आलं. पोकलेनच्या हाताला बसणारे, पात्यांचे फिरते ड्रम आम्ही बनवत होतो. मी आराखडे काढायचे. दादा ते बनवून घ्यायचा आणि स्वतः केबिनमध्ये बसून चालवून बघायचा. "तू कागदावर रेघ ओढ, मी जमिनीवर ओढतो," असं त्याचं नेहमीचं. मला तो चारचौघांत 'इंजिनिअरबाई' म्हणायचा. रागावला की जरा जास्तच आदरानं.

त्या वर्षी मी पात्यांची मांडणीच बदलली. आधी ती सरळ ओळींत होती. आता मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना मळसूत्रासारखी फिरत गेली, म्हणजे कापलेली माती आत न अडकता कडेला फेकली जाईल. प्रत्येक पात्याचा कोन शेजारच्याहून किंचित वेगळा. वेल्डरकाका दोन आठवडे माझ्या नावानं खडे फोडत होते. "बाई, हा ड्रम आहे की शंख?" असं ते एकदा म्हणाले, आणि खरंच, रंग लावायच्या आधी तो टेबलावर आडवा ठेवला तेव्हा नजर त्यावरून घसरत घसरत मध्याकडे जायची. नको म्हटलं तरी.

वर्कशॉपच्या मागे आमचं मोकळं आवार होतं, चाचणीसाठी राखलेलं. पिवळट, चिवट जमीन. एका कडेला तारेचं कुंपण आणि पलीकडे बंद पडलेलं गोदाम. एका लख्ख सकाळी दादानं तिथं पहिला चर खणला. पोकलेन मागे मागे सरकत होतं आणि ड्रम त्याच्यामागून जमीन कापत येत होता. माती दोन्ही कडांना फवाऱ्यासारखी उडत होती. पात्यांत ढेकूळसुद्धा अडकलं नाही. वेल्डरकाकांनी टाळ्या वाजवल्या.

दादा मात्र खाली उतरला तो तळवे चोळत.

"काय झालं?"

"काही नाही. झकास चालतंय. फक्त ओढ घेतंय."

"कसली ओढ?"

"मी लिव्हर सोडलं तरी ड्रम पुढे जातोय. खालून कुणी हात धरल्यासारखा." मग तो हसला. "कोन बघ तुझे एकदा, इंजिनिअरबाई. पाती जरा हावरट झालीत."

हे होऊ शकतं. पात्याचा कोन जास्त झाला की ते मातीत स्वतःलाच ओढून घेतं. चराच्या भिंतींवर पात्यांचे ओरखडे असतात, त्यांतलं अंतर मोजलं की किती ओढ बसतेय ते कळतं. म्हणून मी हेल्मेट चढवलं, फूटपट्टी घेतली आणि खणायला सुरुवात केली त्या टोकाच्या उतारावरून चरात उतरले. दादा वर, दुसऱ्या टोकाला, यंत्रापाशीच थांबला. किल्ली त्याच्या खिशात होती.

चर माझ्या डोक्याहून बराच खोल आणि रुंदीला एका ड्रमाएवढा. दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. आत गारवा होता आणि ओल्या मातीचा, थोडा लोखंडासारखा वास. भिंती इतक्या गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. त्यावर कोरीव चंद्रकोरी उमटल्या होत्या, एकीमागून एक. ड्रम ज्या दिशेला सरकतो त्या दिशेला कोरीचं पोट, म्हणजे फुगीर बाजू, येतं. ही सगळी पोटं पुढे, यंत्राकडे होती. सगळं जसं असायला हवं तसं.

मी मोजत पुढे गेले. समोर चराची आंधळी भिंत दिसत होती, तिच्यावर उन्हाचा एक तुकडा. थोडं चालून मान वर केली तेव्हा तो तुकडा तेवढ्याच अंतरावर होता. मोजण्यात लक्ष असलं की असं होतं. मी आणखी चालले.

मग माझ्या लक्षात आलं की आतापर्यंत मी पोकलेनच्या खाली पोचायला हवं होतं. वर बघितलं. वर नुसती आभाळाची पट्टी होती, पांढुरकी, आणि दोन्ही कडा एकमेकींना मिळतील न मिळतील इतक्या जवळ. यंत्राचा पट्टा नाही, सावली नाही.

"दादा!"

"काय गं?" आवाज अगदी डोक्यावरून आला.

"तू कुठे आहेस?"

"कुठे असणार? यंत्रापाशी. आटपलं का?"

"मला तू दिसत नाहीयेस."

"मीही बघतोय ना. तू कुठल्या कोपऱ्यात बसलीस?"

चराला कोपरा नव्हता. मी फूटपट्टी भिंतीला लावली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. तेव्हा दिसलं. या भागातल्या कोरी उलट्या होत्या. त्यांची पोटं माझ्याकडे होती. हा तुकडा कुणीतरी पलीकडून इकडे कापत आणला होता.

मी वळले. मागे उतार दिसायला हवा होता. मागे चर होता, सरळ, आणि शेवटी उन्हाचा तसाच एक तुकडा.

मला घाबरायला वेळ लागतो. मी आधी विचार करते. घरचे त्यावरून चिडवतात. मी ठरवलं, आले त्या दिशेच्या कोरींची पोटं यंत्राकडे होती, तेव्हा पोटांच्या उलट चालत राहिलं की उतार यायलाच हवा. एक हात भिंतीला लावून मी चालू लागले. थोड्या वेळानं कोरी माझ्याकडे पोट करून आल्या. म्हणजे बरोबर चालले होते. खात्रीसाठी मागे वळून बघितलं. मागच्याही माझ्याकडेच वळल्या होत्या.

मी एक पाऊल सरकले. मी सरकले तिथपर्यंत त्या आल्या.

मी जिथे उभी राहीन तिथे दोन्हीकडून सगळी पोटं माझ्याकडेच होती. आणि बोटांखाली भिंत अगदी बारीक थरथरत होती, दूर कुठेतरी ड्रम फिरत असल्यासारखी.

तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तळाशी बसून मी गुडघे छातीशी घेतले, तर पाठ एका भिंतीला आणि नडग्या दुसरीला टेकल्या. मघाशी उभ्यानं नुसते खांदे घासत होते; आता चर आणखी अरुंद झाला होता.

"अगं, ऊठ." दादाचा हात माझ्या मनगटावर पडला. तो खाली उतरून आला होता. कपाळावर घाम, शर्टाला माती, आणि डोळ्यांत तो लहानपणी मी झाडावर अडकले होते तेव्हाचा राग. "वेडी आहेस का? चल, तू पुढे हो."

तो उताराच्या बाजूनं आला होता, म्हणजे बाहेर पडायचं तर माझ्या वाटेत तोच होता. तो भिंतीला पाठ लावून श्वास आत घेऊन उभा राहिला आणि मी कशीबशी त्याच्या अंगावरून पलीकडे निसटले. त्याचं हृदय माझ्या खांद्यावर धडधडलेलं मला जाणवलं. मग मी चालले. मागून त्याचे बूट वाजत होते. "चालत राहा. हां. शाब्बास, इंजिनिअरबाई." उतार आला. अगदी चार पावलांवर असल्यासारखा आला. मी हातापायांवर रांगत वर चढले आणि उन्हात पालथी पडले.

बुटांचा आवाज थांबला होता.

मी दादाला हाक मारणार, तेवढ्यात तो उतारावरून वर आला. सावकाश. हाताची माती झटकत. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं, आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

वेल्डरकाका म्हणाले, खोल खड्ड्यात हवा कोंडते, माणसाला भास होतात. डॉक्टरही साधारण तेच म्हणाले. दादानं वरून फीत लावून चर मोजला, तो आराखड्यात होता तेवढाच भरला. मी दोन दिवस घरी पडून राहिले आणि मला ते सगळं पटत आलं. मला ते पटवून घ्यायचंच होतं.

वहिनी मला भेटायला आली तेव्हा खुशीत होती. दादा वेळेवर घरी येत होता. तिचं बोलणं पुरतं ऐकून घेत होता, मधे न तोडता. "मान जराशी कलती करून ऐकतात गं," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच असं वाटतं की मी काय म्हणते ते त्यांना ऐकायचंय."

कामावर परतले त्या दिवशी दुपारी चर बुजवायचा होता. दादा पोकलेनवर होता. ड्रम काढून साधं बकेट लावलं होतं. पहिलं बकेट आत पडलं. दुसरं पडलं. आणि मातीच्या धप्प आवाजामागून, खालून, मला स्पष्ट ऐकू आलं.

"इंजिनिअरबाई, माती कुठे टाकताय?"

मी केबिनकडे बघितलं. काच बंद होती. दादाचे ओठ मिटलेले होते.

मी यंत्रापुढे जाऊन उभी राहिले आणि खालून आवाज येतोय म्हणून ओरडले. दादानं लगेच इंजिन बंद केलं, उतरून माझ्याशेजारी येऊन चराच्या काठावर बसला आणि मान कलती केली. "कुठे?" त्यानं विचारलं. वेल्डरकाकांनाही मी ऐकायला लावलं. त्यांना काही ऐकू येईना. मी चरात उडी मारली. कुणी अडवायच्या आत धावत आंधळ्या भिंतीपर्यंत गेले. या वेळी ती चटकन आली, जिथे असायला हवी तिथेच. मी तिच्यावर मुठी आपटल्या.

"हळू," भिंतीपलीकडून दादा म्हणाला. "मी इथेच आहे. रडू नकोस. वहिनीला यातलं काही सांगू नकोस. ड्रम लाव आणि इकडे खण."

मी वर आले आणि सांगितलं, ड्रम लावा. वेल्डरकाकांनी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "तिचं समाधान होऊ दे." तो बिनतक्रार केबिनमध्ये चढला. चर जिथे संपला होता तिथून पुढे तो खणत गेला. माझी पाती सुरेख चालत होती. लोण्यातून गेल्यासारखी. मी काठानं पालथी सरकत जात होते, कान खाली लावून.

"बरोबर येताय," खालून आवाज आला. मग, थोडा खणल्यावर, "आलं, अगदी जवळ आलं." मग आवाज बदलला. "थांब. अगं थांब, दिसतोय मला ड्रम. मला मागे सरकायला जागा नाहीये."

त्या पात्यांचे कोन मीच काढले होते. एका फेरीत ती किती खोल जातात ते मला पाठ होतं. लिव्हर सोडलं तरी ड्रम थांबत नव्हता, हेही मला ठाऊक होतं.

"थांबव!" मी किंचाळले. "बंद कर, बंद कर!"

दादानं तत्क्षणी बंद केलं.

ताज्या कापलेल्या भिंतीवर फक्त माती होती. पिवळी, ओली, अखंड. आतून श्वासाचा आवाज येत होता. मी तिथे काठावर किती वेळ बसले कुणास ठाऊक. हातानं उकरावं म्हटलं तर ती भिंत नखांनी निघणारी नव्हती. खणायला लावावं तर तो कापला जाणार. न खणावं तर... वेल्डरकाकांनी वहिनीला फोन केला होता. ती आली, माझ्या शेजारी मातीत बसली, माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं. भिंतीपलीकडचा श्वास तिची चाहूल लागताच थांबला. एक शब्दही आला नाही.

"काय ऐकू येतंय तुला?" तिनं विचारलं.

तो गप्प का राहिला ते मला कळलं.

"काही नाही," मी म्हणाले.

चर त्याच दिवशी बुजवला. मी बघत उभी राहिले.

या गोष्टीला बरेच महिने झाले. ड्रम जोरात खपतोय. दादा ठेकेदारांशी इतक्या सबुरीनं बोलतो की लोक त्याचं नाव काढतात. मला तो नावानं हाक मारतो. मी वर्कशॉप सोडून जाऊ शकत नाही. गेले तर त्या आवाराकडे कोण बघणार? दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला बसले की मी मागे जाते आणि बुजवलेल्या पट्ट्यावर बसते. कधीकधी येतो आवाज, खूप खोलवरून. शब्द आता लागत नाहीत. मी मात्र बोलत राहते. वहिनी कशी आहे, पोरं कशी आहेत, नवं काम कुठलं आलंय.

काल मी अशीच बसले होते, तर सावली पडली. दादा शेजारी येऊन उभा होता. त्यानं मान कलती केली आणि जमिनीकडे बघितलं.

"येतं ना ऐकू?" तो म्हणाला.

मी जमिनीवरचा तळवा उचलून घेतला.

"बोलत जा त्याच्याशी," तो मायेनं म्हणाला. "तिथे माझ्याशी कुणी बोलायचं नाही. नुसतंच ऐकू यायचं, तुमचं सगळं."